वहिनींचं चांदणं

त्या नाट्यगृहात सगळेच त्यांना वहिनी म्हणत. खरं तर त्या वहिनी एकट्या पेंटरच्या. पण तो उठता-बसता 'वहिनी, वहिनी' करायचा, म्हणून नट, तिकीटवाला, झाडूवाली, व्यवस्थापक अशा सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या. आणि त्या त्याला भावोजी म्हणत, म्हणून पेंटरही सगळ्यांचा भावोजी झाला. नाटकवाल्यांना नाती उसनी घ्यायची सवयच असते, परत करायची मात्र कुणाला आठवण राहत नाही.

वहिनी दिवे सांभाळत. प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला, जिना चढून गेल्यावर, एक काचेची खिडकी असलेली खोली होती. तिथे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचे दांडे, वायरी आणि रंगीत जिलेटिनच्या कागदांचा ढीग. भावोजी खाली रंगमंचामागे भिंती रंगवत, म्हणजे लाकडी चौकटींवर ताणलेल्या कापडाच्या भिंती. एकाची भिंत आणि दुसऱ्याचा उजेड असा वर्षानुवर्षांचा संसार होता, पण या संसारात एक चमत्कारिक नियम होता. एकमेकांना रंग विचारायचा नाही आणि एकमेकांच्या रंगाबद्दल बोलायचं नाही.

हा नियम वहिनींच्या नवऱ्याने घालून दिलेला. तो होता तेव्हा दिवे त्याच्याकडे होते आणि भिंती धाकट्या भावाकडे. दोघं सख्खे भाऊ, त्यामुळे भांडायला बाहेरचं कुणी लागायचं नाही. धाकटा म्हणायचा, तुझ्या उजेडाने माझी भिंत मारली. थोरला म्हणायचा, तुझ्या भिंतीने माझा उजेड खाल्ला. एकदा भर तालमीत प्रकरण इतकं हातघाईवर आलं की रंगाची बादली पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर जाऊन पडली. त्या दिवशी थोरल्याने फर्मान काढलं, "आजपासून तू तुझी भिंत रंगव, मी माझा उजेड टाकतो. दुसऱ्याच्या ताटात डोकवायचं नाही." आणि गंमत म्हणजे नियम लागू पडला. भांडणं थांबली. पुढे थोरला गेला, दिवे वहिनींच्या हातात आले, पण नियम तसाच राहिला. गेलेल्या माणसाचा नियम मोडायचा कुणी? जिवंत माणसाशी निदान वाद तरी घालता येतो.

दिवे वहिनी नवऱ्याकडूनच शिकल्या होत्या. लग्नानंतर तो त्यांना पहिल्यांदा नाट्यगृहात घेऊन आला ती एक रिकामी दुपार होती. खुर्च्या मिटलेल्या, सगळीकडे धुळीचा आणि लाकडाचा वास. मंचावर एक पांढरी भिंत उभी होती. त्याने तिच्यावर एक पांढरा दिवा सोडला, एक तांबडा सोडला आणि बायकोला म्हणाला, "मध्ये हात धर."

त्यांनी हात धरला. भिंतीवर दोन सावल्या पडल्या. एक तांबडी, ती समजण्यासारखी. दुसरी मात्र हिरवी, कोवळ्या पानासारखी हिरवी. त्यांनी बोटं हलवली तशी ती हिरवी बोटंही हलली.

"हिरवा दिवा कुठे लपवलाय?"

"हिरवा दिवा नाहीच."

"मग हे हिरवं कुठून आलं?"

"तुझ्या डोळ्यांनी केलं. भिंतीवर सगळीकडे तांबूस उजेड आहे ना, डोळे म्हणतात चला, यालाच पांढरा समजू. मग तांबडा जिथे अडतो, तिथलं साधं पांढरं त्यांना हिरवं दिसायला लागतं. डोळे फार समजूतदार असतात गं. कशाशीही जुळवून घेतात. म्हणून त्यांच्यावर फार विसंबू नये."

वहिनींना यातलं अर्धंच कळलं होतं. पण कुठेच नसलेला तो हिरवा हात त्यांना आवडला. किती वेळ त्या नुसत्या बोटं हलवत उभ्या होत्या. आपण या माणसाबरोबर आयुष्य काढू शकू असं त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.

त्यांची खरी ख्याती मात्र चांदण्याची. वहिनींचं चांदणं म्हणजे पडदा वर जाताच प्रेक्षागृहात बोलणं थांबायचं. निळ्या जिलेटिनचा एक पातळ कागद, त्यावर दुधी कागद, दांडा निम्म्याच्या जरा खाली, एवढीच कृती. पण अलीकडे काही वर्षं चांदणं त्यांच्या मनासारखं उतरेना. कळकट दिसायचं, धुवायला काढलेल्या चादरीसारखं. म्हणून त्यांनी निळ्याचे दोन कागद लावले. काही दिवसांनी पुन्हा तेच, मग तिसरा लावला.

कारण त्यांना ठाऊक होतं, किंवा तसं त्यांना वाटत होतं. भावोजींच्या भिंती पिवळ्या पडत चालल्या होत्या. चुन्याची म्हणून रंगवलेली भिंत लोण्यासारखी दिसायची, पुढच्या नाटकात ती तुपावर जायची. भावोजींचे डोळे उतरले, दुसरं काय! बिचाऱ्यांना पिवळा कळेनासा झाला. नियमामुळे बोलता येत नव्हतं आणि नियम नसता तरी वहिनी बोलल्या नसत्या. उतारवयात कलावंताला त्याचा रंग चुकतोय म्हणून सांगायचं म्हणजे काय खायचं काम आहे? त्यापेक्षा आपण निळा वाढवावा आणि झाकून घ्यावं. घरातलं माणूस आहे.

इथवर ठीक होतं. पण एका दुपारी वहिनींनी आपला चांगुलपणा व्यवस्थापकांच्या कानावर घातला. "भावोजींना अलीकडे रंग नीट दिसत नाहीत हो. मी उजेडात सांभाळून घेते. कुणी तक्रार केली तर तेवढं तुम्ही पोटात घाला."

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता, फक्त मनावर घेणारा होता. थोड्याच दिवसांनी त्यांनी ठरवून टाकलं की चालू नाटक संपलं की भिंती रंगवायच्या नाहीत, छापील पडदे आणायचे. भावोजींना मानाने निरोप द्यायचा. भावोजींनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि कुंचले धुवायला बसले. वहिनी धावत व्यवस्थापकांकडे गेल्या, तर ते म्हणाले, "अहो, तुमच्याच शब्दावर केलं ना मी!"

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं वहिनींना झालं. भावोजी भिंतीशिवाय काय करणार? घरात त्यांना चहाचा कप कुठे ठेवायचा हेही सुचत नसे.

याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनींना सांगितलं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला जुना आहे. "भिंग पिवळं होत जातं हळूहळू. माणसाला पत्ता लागत नाही. आधी उजवा करू, डावा नंतर. मधल्या दिवसांत दोन डोळ्यांना दोन जगं दिसतील. घाबरू नका."

"घाबरते कशाला? एकाच तिकिटात दोन खेळ," वहिनी म्हणाल्या. पिवळं भिंग हे शब्द त्यांच्या कानांवरून गेले, मनात शिरले नाहीत.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी जाऊ समोर थेंबांची बाटली घेऊन उभी होती. भावोजींची बायको, वयाने लहान, जिभेने थोर. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

"ही साडी कधी घेतलीस?"

"अहो ताई, तुम्हीच दिलेली! धुऊन धुऊन विटली की आता."

ती साडी जांभळी होती. वहिनींनी तपकिरी म्हणून दिली होती.

मग तो सगळा दिवस वहिनी घरभर तरंगत फिरल्या. उजवा डोळा मिटायचा, डावा मिटायचा. डाव्याने पाहिलं की खोलीत कायमची संध्याकाळ. उजव्याने पाहिलं की नुकतं उजाडलेलं. पाण्याच्या पेल्याच्या कडेला निळं होतं. जावेच्या केसांतल्या पांढऱ्याला निळसर झाक होती. दुधालासुद्धा होती. निळा इतका सगळीकडे सांडलेला असतो आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही! खिडकीशी बसून त्यांनी आपला तळहात एका डोळ्याने पाहिला, मग दुसऱ्याने. दोन बायकांचे हात वाटावेत. एका क्षणी त्यांना उगाचच रडू आलं.

"डोळ्यात थेंब घातलेत, ते वाहून जातील," जाऊ म्हणाली. "रडायचं असेल तर डाव्याने रडा."

पुढे डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली तशा वहिनी एका दुपारी नाट्यगृहात गेल्या. मंचावर कामाचे साधे दिवे चालू होते आणि भावोजींची शेवटची भिंत उभी होती, अंगणाची. त्यांनी डावा डोळा मिटून पाहिलं. भिंत पिवळीच होती. त्यांना वाटलं होतं तेवढी नाही, पण पिवळी. म्हणजे आपलं चुकलं नव्हतं, असं मनात म्हणत त्या जिना चढल्या.

वरच्या खोलीत त्यांनी चांदण्याचा दिवा उघडला आणि थबकल्या. त्यात निळ्या कागदांची चळत होती. डाव्या डोळ्याला ती फिकट दिसत होती, जेमतेम निळी. उजव्याला ती दौतीतल्या शाईसारखी दिसली. एवढा निळा? एवढ्या निळ्यात नट दिसतात तरी कसे?

त्यांनी कामाचे दिवे बंद केले, दांडा वर नेला आणि उजव्या डोळ्याने खाली पाहिलं.

मंचावर चांदणं होतं. चुन्याची भिंत, रात्रीची, शांत. पिवळेपणाचा मागमूस नाही. त्यांच्या तरुणपणी पडायचं तसं, जमिनीपासून सुटं झालेलं चांदणं. त्यांनी चळतीतला एक कागद काढला. भिंत किंचित पिवळी झाली. दुसरा काढला, आणखी पिवळी. सगळे परत ठेवले, पुन्हा चुना.

वहिनी स्टुलावर बसल्या. भावोजींना रंग दिसत नव्हता असं नाही. त्यांना सगळं दिसत होतं. वहिनींचं चांदणं निळं पडत चाललंय हे त्यांनी ओळखलं होतं आणि नियमाला जागून, एक अक्षर न बोलता, चुन्यात पिवडीची पिवळी पूड टाकून झाकून घेतलं होतं. ती पिवडी पाहून वहिनी निळा वाढवत आणि तो निळा पाहून ते पिवडी. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांना सांभाळून घेत, हातात हात घालून, खड्ड्याकडे चालले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे वहिनींनी हजारदा ऐकलं होतं. आपलं मुसळ डॉक्टरीणबाईंनी काढून दाखवावं लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

भावोजी मंचामागे रंगात घालायचा सरस ढवळत बसले होते. वहिनी त्यांच्यासमोर उलट्या बादलीवर बसल्या.

"भावोजी, पहिला पिवळा कधी घातलात?"

ढवळणं थांबलं. इतक्या वर्षांत या दोघांमध्ये रंगाचं नाव पहिल्यांदाच निघत होतं.

"दादा गेल्यावर काही वर्षांनी," ते म्हणाले. "तुम्ही एक कागद जास्त लावायला लागलात. मला वाटलं, दुःखाने असेल. बोलायचं कसं? म्हणून मूठभर पिवडी टाकली. मग ती वाढतच गेली. रंगभूषावालाही कुरकुरायचा, वहिनींच्या चांदण्यात सगळे बुडून मेल्यासारखे दिसतात म्हणायचा. त्याला म्हटलं, गप बस आणि लाली वाढव."

वहिनींना हसू आलं. आता पुढचं सांगणं भाग होतं. व्यवस्थापकांच्या कानाशी कोण लागलं होतं ते त्यांनी सांगितलं, काही न झाकता.

भावोजींनी सरसातली काठी काढून बाजूला ठेवली.

"मी बायकोला नाही सांगितलं, वहिनी. स्वतःच्या बायकोलाही नाही. आणि तुम्ही व्यवस्थापकाला सांगितलंत."

एवढं बोलून ते उठले आणि घरी गेले.

त्यानंतर घरात दोघांमधलं बोलणं बंद झालं. पोळी पुढे सरकवायची ती जावेमार्फत. "रंगाने घर बुडवलं यांचं," जाऊ भिंतीला सांगायची. "घर रंगवायला काढलं तेव्हा दोघांना विचारलं नाही म्हणून भिंती झाल्या तरी. नाहीतर अजून कोऱ्या असत्या."

वहिनी व्यवस्थापकांना ओढून प्रेक्षागृहात घेऊन आल्या. त्यांना खुर्चीत बसवलं, वरून चांदणं टाकलं, मग एकेक कागद काढत गेल्या आणि ओरडून सांगितलं, "हा पिवळा भावोजींचा नाही. माझ्या डोळ्यांचा आहे. ते नुसते भरपाई करत होते!"

व्यवस्थापकांनी कागद काढून-घालून पुन्हा दाखवायला लावलं. मान हलवली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण वहिनी, त्यांना आता साधी पांढरी भिंत जमेल का? इतकी वर्षं हात पिवळ्यावर बसलाय. साध्या उजेडात एक पांढरी भिंत दाखवू देत. जमली तर छापील पडदे रद्द. नाही जमली तर मात्र माझा इलाज नाही."

निरोप भावोजींना पोचला तो जावेमार्फतच. ते "बरं" म्हणाले. या माणसाचं "बरं" म्हणजे होकार, नकार की जांभई हे बायकोलाही कधी कळलं नव्हतं.

पण ठरल्या दुपारी ते आले. कोऱ्या कापडाची चौकट उभी केली, चुना कालवला. वहिनी वर खिडकीशी, व्यवस्थापक खाली मधल्या रांगेत. भावोजींनी बादलीत पाहिलं, पिवडीच्या डब्याकडे हात गेला, मागे आला. पुन्हा गेला. पुन्हा मागे आला. हात स्वतःच्या मनाने चालत होता आणि ते त्याला ओढून आणत होते. शेवटी चिमूटभर पडलीच. मग कुंचला भिंतीवर वर-खाली, वर-खाली फिरत राहिला, पाण्यासारखा आवाज करत.

भिंत रंगवून झाली. वहिनींनी साधा दिवा सोडला, कागद न लावता. डावा डोळा मिटला.

भिंत पिवळसर होती.

फार नाही, पण होती. खाली व्यवस्थापक पुढे वाकून पाहत होते. वहिनींच्या हाताशी निळ्याचा एक पातळ कागद पडलेला होता. तो नुसता दिव्यापुढे धरायचा, कुणाला कळणारही नाही. भिंत चुन्यासारखी पांढरी दिसेल, भावोजींचं काम राहील, सगळं पहिल्यासारखं होईल. त्यांनी कागद उचललासुद्धा. उचलून धरला आणि त्यातून त्यांना खाली भावोजी दिसले, निळे, हातात कुंचला घेऊन वर बघणारे.

"वहिनी," भावोजींनी हाक मारली. आवाज रिकाम्या प्रेक्षागृहातून हळूहळू चालत वर आला. "कसा दिसतोय?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

वहिनींनी कागद खाली ठेवला. "पिवळसर," त्या म्हणाल्या, आणि खालपर्यंत पोचावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, "पिवळसर आहे, भावोजी."

व्यवस्थापकांनी सुस्कारा टाकला. भावोजींनी मान डोलावली, जणू भाव विचारला आणि कळला. बादलीतला सगळा चुना त्यांनी ओतून दिला, नवा कालवला. पिवडीचा डबा उचलून विंगेत नेऊन ठेवला, हाताला लांब पडावा म्हणून. मग दुसरा हात द्यायला लागले.

"चहा सांगतो," व्यवस्थापक उठत म्हणाले. "वेळ लागणार दिसतोय."

दुसरा हात झाला. भिंत ओली, राखाडी, मधूनच खालचं दाखवणारी. चुना सुकल्याशिवाय आपलं खरं सांगत नाही, म्हणून सगळे वाट पाहत बसले. चहा आला, पिऊनही झाला. दिव्याच्या झोतात धूळ वर-खाली होत होती. भिंत कोपऱ्यांकडून उजळायला लागली, अगदी सावकाश, कुणी आतून कंदिलाची वात चढवत असावं तशी.

"आता?" खालून प्रश्न आला.

"अजून ओली आहे."

"आता?"

वहिनींनी डाव्या डोळ्याने पाहिलं, तिथे जुनी संध्याकाळ होती. काही दिवसांनी तीही जाणार होती. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली होती. त्यांनी तो डोळा मिटला आणि उजवा उघडला. भिंत पांढरी होती. कुठून तरी उसना घेतलेला नव्हे, भिंतीचा स्वतःचा पांढरा.

"पांढरी," त्या म्हणाल्या. "पांढरी आहे, भावोजी."

व्यवस्थापकांनी कप खाली ठेवला आणि "मग पडद्यांचं कळवून टाकतो नको म्हणून," असं म्हणत ते बाहेर गेले.

भावोजी भिंतीसमोर उभे राहिले. जवळ गेले, मागे आले, डोळे चोळले, डोकं एका बाजूला कलतं केलं. इतक्या वर्षांच्या पिवळ्याशी जुळवून घेतलेले त्यांचे डोळे. ते काही एका दुपारीत ऐकणारे नव्हते.

"मला तर ही निळी दिसतेय, वहिनी," ते म्हणाले. मग कुंचला पाण्यात बुडवून धुवायला लागले. "पण तुम्ही म्हणता तर पांढरी."